घरच्या घरी कारची कस्टम ग्रिल कशी बनवायची? जाळी निवडण्यापासून मोबाइलवर तपासणीपर्यंत संपूर्ण माहिती



इन्स्टाग्रामवर तीस सेकंदांची रील असते. जुनी ग्रिल काढली, काळी जाळी लावली, गाडी एकदम भारी दिसायला लागली. पण त्या तीस सेकंदांत हे कुणी सांगत नाही की मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, पाच माणसं बसवून आणि एसी लावून ती गाडी चालली का?

मी हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरचा. औंढा नागनाथ आणि वसमत या दोन गावांच्या मधलं आमचं गाव. इथे कारच्या ॲक्सेसरीजची मोठी दुकानं नाहीत, त्यासाठी नांदेड किंवा परभणी गाठावं लागतं. पण हार्डवेअरचं दुकान, वेल्डिंगवाला आणि रेडियमवाला हे तिघं जवळपास प्रत्येक मोठ्या गावात असतात. घरातल्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकची ग्रिल मी याच तिघांच्या मदतीने बनवली. ती पद्धत या लेखात पायरीपायरीने देतोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात ठेवा. ग्रिल हा गाडीचा चेहरा आहे हे खरं, पण त्याआधी ते गाडीचं नाक आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत गाडी एकच असते. तीच लग्नाला जाते, तीच शेतावर जाते आणि रात्री-अपरात्री आजीला दवाखान्यात न्यायचं झालं तर तीच बाहेर निघते. म्हणून नियम साधा आहे: दिसणं बदला, श्वास अडवू नका.

ग्रिल नेमकं काय काम करते?

गाडीच्या तोंडाजवळ ग्रिल असते. तिच्या मागे बहुतेक गाड्यांत आधी एसीचा कंडेन्सर, त्यामागे इंजिनचा रेडिएटर आणि त्याला लागून पंखा असतो. टर्बो इंजिन असेल तर इंटरकूलरही कुठेतरी पुढेच बसवलेला असतो. या सगळ्यांना बाहेरची हवा हवी असते.

हवा दोन प्रकारे आत येते. गाडी वेगात असताना ती समोरून आपोआप घुसते. गाडी उभी असताना किंवा ट्रॅफिकमध्ये पंखा ती ओढून घेतो. त्यामुळे ग्रिल जास्त बंद झाली तर त्रास दोन वेळी दिसतो: रणरणत्या उन्हात एसी लावून उभं राहिल्यावर आणि गाडी पूर्ण भरून चढ चढताना. गावातल्या गावात फिरताना काहीच कळत नाही, म्हणून फसगत होते.

आपल्या भागात अजून एक अडचण आहे, ती म्हणजे कचरा. हळद पॉलिश करायच्या दिवसांत उडणारी धूळ, उसाचं पाचट, कापसाचे तंतू, सोयाबीनचा भुसा हे सगळं जाळीत अडकतं. शहरातल्या माणसाला चालणारी बारीक जाळी आपल्याकडे आठवड्याभरात तुंबू शकते.

आधी तपासा: तुमच्या गाडीला हे चालेल का?

पुढच्या चारपैकी एक जरी गोष्ट गाडीत असेल, तर जाळीचा विचार सोडून द्या किंवा आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

१. समोरचा रडार. नव्या गाड्यांत एडास नावाची यंत्रणा येते. समोरच्या वाहनाचं अंतर मोजून ती स्वतः ब्रेक लावू शकते. तिचा रडार बऱ्याचदा लोगोच्या मागे किंवा ग्रिलमध्ये असतो. त्यापुढे धातूची जाळी किंवा धातूचा रंग आला तर रडारच्या लहरी अडतात.

२. समोरचा कॅमेरा किंवा पार्किंग सेन्सर. तो ग्रिलमध्येच बसवलेला असेल तर त्याची जागा हलवू नका.

३. उघडझाप करणाऱ्या पट्ट्या. काही गाड्यांत ग्रिलच्या मागे मोटरवर चालणाऱ्या पट्ट्या असतात. त्यांच्या वाटेत काही आलं तर त्या अडकतात.

४. इलेक्ट्रिक गाडी. तिचं तोंड मुद्दामच बरंचसं बंद असतं आणि हवेची वाट खालच्या बाजूने असते. तिथे जाळी कापून लावण्यात काही फायदा नाही.

आता मोबाइलचा पहिला उपयोग. बॉनेट उघडा, मोबाइलची टॉर्च ग्रिलच्या मागच्या बाजूने लावा आणि समोरून बघा. कुठून उजेड येतो आणि कुठून नाही, ते दिसेल. बऱ्याच गाड्यांत वरच्या ग्रिलचा मोठा भाग नुसताच दाखवायचा असतो, मागे प्लॅस्टिक बंद असतं. खरी हवा बंपरच्या खालच्या तोंडातून जाते. उजेड येणाऱ्या भागाचा फोटो काढून ठेवा. तोच भाग आपल्याला जपायचा आहे.

जाळीचं गणित: किती जागा मोकळी राहते?

लोक दुकानात जाळी डोळ्यासमोर धरतात आणि म्हणतात, "आरपार दिसतंय, म्हणजे हवा जाणारच." पण डोळा फसवतो, म्हणून आकडे काढायचे. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होणारं गणित आहे.

चौकोनी तारेच्या जाळीसाठी: एका छिद्राची रुंदी भागिले (छिद्राची रुंदी अधिक तारेची जाडी). येणाऱ्या उत्तराचा वर्ग करा. तो आकडा म्हणजे मोकळी जागा.

काही उदाहरणं:

- छिद्र ५ मिमी, तार १ मिमी: सुमारे ६९ टक्के मोकळी
- छिद्र १० मिमी, तार १.५ मिमी: सुमारे ७६ टक्के मोकळी
- छिद्र १२ मिमी, तार १.५ मिमी: सुमारे ७९ टक्के मोकळी
- चक्कीच्या जाळीसारखा गोल छिद्रांचा पत्रा, एकाआड एक ओळीत ६ मिमीची छिद्रं आणि दोन छिद्रांच्या मध्यांत ८ मिमी अंतर: सुमारे ५१ टक्केच मोकळा

आता हे जुन्या ग्रिलशी ताडून बघू. समजा जुन्या ग्रिलमध्ये पाच आडव्या फटी आहेत. प्रत्येक फट ६०० मिमी लांब, १८ मिमी उंच. म्हणजे ६०० × १८ × ५ = ५४,००० चौरस मिमी मोकळी जागा. या पट्ट्या काढून टाकल्या की ६४० × ११० मिमीची एक मोठी खिडकी होते, म्हणजे ७०,४०० चौरस मिमी.

या खिडकीत ५ मिमीची जाळी लावली तर मोकळी जागा उरते सुमारे ४८,९०० चौरस मिमी, म्हणजे मूळपेक्षा कमी! गोल छिद्रांचा पत्रा लावला तर सुमारे ३५,९००, म्हणजे एक तृतीयांश हवेची वाट गेली. १२ मिमीची जाळी लावली तर सुमारे ५५,६००. ही मूळपेक्षा थोडी जास्त आहे, म्हणून चालेल.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गाडीच्या फटी पट्टीने मोजा आणि हेच गणित करा. नवीन मोकळी जागा जुन्याइतकी किंवा जास्तच आली पाहिजे.

अजून एक बारकावा. दोन जाळ्यांची टक्केवारी सारखी असली तरी बारीक छिद्रांची जाळी हवेला जास्त अडवते आणि लवकर तुंबते. म्हणून मच्छरांची जाळी पूर्ण बाद. माझ्या मते आपल्या भागासाठी १० ते १२ मिमी छिद्र योग्य आहे. हवा जाते, मोठे खडे अडतात आणि कचरा हाताने काढता येतो.

कोणतं मटेरियल घ्यायचं?

ॲल्युमिनियमची शंकरपाळी जाळी: कारसाठी म्हणून मिळणारी जाळी बहुतेक हीच असते. वजनाला हलकी, साध्या कात्रीने कापते, हाताने वाकते, गंजून लाल होत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने हीच घ्यावी. तिची मोकळी जागा वरच्या सूत्राने निघत नाही. दुकानदाराला टक्केवारी विचारा, किंवा जाळी कागदावर ठेवून समोरून फोटो काढा आणि पट्ट्यांची जाडी मोजून अंदाज घ्या.

स्टेनलेस स्टीलची विणलेली जाळी: मजबूत आणि टिकाऊ, पण कापायला कठीण. कापलेली टोकं सुईसारखी टोचतात.

वाळू चाळायची लोखंडी जाळी: हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. जस्ताचा थर असतो, पण कापलेल्या कडेवर तो राहत नाही आणि पहिल्या पावसात तिथूनच गंज धरतो. घ्यायचीच असेल तर कडा प्रायमरने नीट बंद करा.

कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी: घेऊ नका. ती सैल असते. वेगात थरथरते आणि आकार सोडते.

थ्रीडी प्रिंट: शहरात प्रिंट करून देणारे मिळतात. पण मटेरियल विचारून घ्या. पीएलए हे सगळ्यात सोपं प्लॅस्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं. उन्हात उभ्या काळ्या ग्रिलसाठी ते धोक्याचं आहे. पीईटीजी साधारण ८० अंशांपर्यंत आणि एबीएस किंवा एएसए साधारण १०० अंशांपर्यंत तग धरतं. उन्हात टिकण्यासाठी एएसए सगळ्यात चांगलं.

पाट्यांसाठी वापरतात ती एसीपी शीट: रेडियमवाला हवा तो आकार कापून देतो, म्हणून मोह होतो. पण दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा थर असतो. मी ग्रिलसाठी सुचवणार नाही.

लागणारं सामान

- तुमच्या मॉडेलची दुसरी ग्रिल (जुन्या पार्टच्या दुकानातली किंवा डुप्लिकेट)
- जाळी, मापापेक्षा चारही बाजूंनी २० मिमी जास्त
- पुठ्ठा, मार्कर, स्टीलची पट्टी
- पत्रा कापायची कात्री, करवतीचं पातं, कानस, पक्कड
- ड्रिल मशीन आणि ३ मिमीचा बिट
- स्टेनलेसचे छोटे स्क्रू, नायलॉन वॉशर, काळे झिप टाय, दोन भागांचं इपॉक्सी
- ३२० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर
- प्रायमर (जाळीसाठी धातूचा, फ्रेमसाठी प्लॅस्टिकचा) आणि काळा स्प्रे
- गॉगल, हातमोजे, मास्क

यादीतली पहिली वस्तू सगळ्यात महत्त्वाची. गाडीबरोबर आलेली मूळ ग्रिल कापायची नाही. ती काढून कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवायची. उद्या आरटीओने हरकत घेतली, इन्शुरन्सवाल्याने प्रश्न विचारला, गाडी विकायची वेळ आली किंवा घरच्यांनाच नवीन ग्रिल आवडली नाही, तर अर्ध्या तासात गाडी पूर्ववत झाली पाहिजे. वडिलांना पटवायलाही हाच मुद्दा कामी येतो. "बाबा, मूळ ग्रिल तशीच आहे, कधीही परत लावू."

पैसे मुख्यतः दुसऱ्या ग्रिलवर आणि रंगावर जातात, जाळी त्यामानाने स्वस्त पडते. दर दुकानागणिक बदलतो, म्हणून आधी फोनवर दोन-तीन ठिकाणी विचारा.

कृती: पायरी १ ते ७

पायरी १: ग्रिल काढणं. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा, कारण काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा सुरू होऊ शकतो. आता यूट्यूबवर तुमच्या मॉडेलचं आणि वर्षाचं नाव टाकून ग्रिल काढायचा व्हिडिओ बघा. काही गाड्यांत वरचे चार स्क्रू आणि क्लिप काढल्या की ग्रिल हातात येते, काहींत आख्खा बंपर काढावा लागतो. बंपर काढावा लागत असेल तर मेकॅनिकला सोबत घ्या. एअरबॅगचे सेन्सर आणि हॉर्नच्या वायरी तिथेच असतात, त्यामुळे तिथे हातोडा अजिबात चालवायचा नाही. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. परत बसवताना हाच फोटो कामाला येतो.

पायरी २: माप आणि फर्मा. पुठ्ठा ग्रिलच्या मागे धरून खिडकीचा आकार मार्करने काढा. मोबाइलवर डिझाइन करून बघायचं असेल तर ग्रिलशेजारी, त्याच पातळीवर स्टीलची पट्टी ठेवा आणि दोन-तीन मीटर लांब उभं राहून झूम करून फोटो काढा. जवळून फोटो काढला तर कडा फुगलेल्या दिसतात आणि माप चुकतं. कॅमेऱ्याने अंतर मोजणारी ॲप्स अंदाजासाठी ठीक आहेत, कापण्यासाठी नाहीत. लॅपटॉप असेल तर इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. टिंकरकॅड ब्राउझरवर चालतं.

पायरी ३: दुसऱ्या ग्रिलच्या पट्ट्या कापणं. फक्त आतल्या पट्ट्या कापायच्या, बाहेरची फ्रेम आणि क्लिपचे कान शाबूत ठेवायचे. मध्ये आधार देणारी एखादी उभी पट्टी असेल तर ती राहू द्या, नाहीतर फ्रेम लोंबते. प्लॅस्टिकवर ग्राइंडर चालवू नका. ते वितळून चिकटतं आणि घाव वाकडा जातो. करवतीच्या पात्याने सावकाश कापा आणि कानशीने कडा साफ करा.

पायरी ४: जाळी कापणं आणि वाकवणं. फर्मा जाळीवर ठेवा, चारही बाजूंनी १५ ते २० मिमी जास्त सोडून कापा. शंकरपाळीचा लांब कोन आडवा ठेवला तर दिसायला बरा. गाडीचं तोंड सपाट नसतं, म्हणून जाळी फ्रेमवर दाबत हळूहळू वळण द्या. सगळी कापलेली टोकं मागच्या बाजूला वळवा. एकही टोक पुढे राहता कामा नये. गाडी पुसणाऱ्या हाताला किंवा धक्का लागलेल्या पादचाऱ्याला ते फाडू शकतं.

पायरी ५: रंग. आधी रंगवा, मग जोडा. साबणाने धुऊन तेलकटपणा घालवा. फ्रेमला ३२० आणि मग ६०० नंबरने घासा. प्रायमरचा एक हात, मग काळ्याचे दोन-तीन पातळ हात. कॅन २० ते २५ सेंटीमीटर लांब धरा आणि दोन हातांमधलं अंतर कॅनवर लिहिलेलं असेल तेवढं ठेवा. भर दुपारच्या उन्हात मारला तर रंग हवेतच वाळतो आणि खरखरीत बसतो, पावसाळी दमट हवेत पांढुरका पडतो. सकाळची वेळ चांगली. जाड थर देऊ नका, छिद्रं बारीक होतात आणि वर केलेलं गणित बिघडतं.

पायरी ६: जोडणी. फ्रेमच्या मागे दर ८ ते १० सेंटीमीटरवर जाळी पक्की करा. जिथे प्लॅस्टिक जाड आहे तिथे छोटा स्क्रू, जिथे पातळ आहे तिथे इपॉक्सी. झिप टाय हा जास्तीचा आधार आहे, एकटा आधार नाही. ग्लू गनचा गोंद इंजिनजवळच्या गरमीत मऊ पडतो, तो नको. ॲल्युमिनियम जाळी आणि स्टीलचा स्क्रू थेट चिकटले आणि पाणी लागलं तर ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मध्ये नायलॉन वॉशर टाका.

पायरी ७: गाडीवर बसवणं. बसवल्यावर मागून हात घालून बघा. जाळी आणि कंडेन्सर यांच्यात निदान दोन बोटं जागा हवी. कंडेन्सरच्या नळ्या पातळ असतात, थरथरणारी जाळी घासली तर गॅस गळतो. बॉनेट दोनदा उघडून लावून बघा. हाताने ग्रिल हलवा, आवाज येता कामा नये. बॅटरी जोडून हॉर्न आणि सगळे दिवे तपासा.

गावातल्या मेकॅनिकला मी तयार ग्रिल दाखवायला नेली. म्हटलं, "मामा, कशी झाली?" त्यांनी आधी ती उलटी करून मागची बाजू बघितली. म्हणाले, "पुढून सगळेच बघतेत रे बाळा, गाडी मागून बघती." हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मोबाइलवर तपासणी: ग्रिल पास की नापास?

बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून ही तपासणी टाळू नका.

साधारण २०१३ नंतरच्या बहुतेक कारमध्ये स्टिअरिंगच्या खाली ओबीडी-२ चा सॉकेट असतो. त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ ॲडॉप्टर ऑनलाइन मिळतो. अँड्रॉइडवर टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप टाका, ॲडॉप्टर जोडा आणि कूलंटचं तापमान बघा. आयफोनला साधा ब्लूटूथ ॲडॉप्टर चालत नाही, त्यासाठी वायफाय किंवा ब्लूटूथ एलई प्रकारचा घ्या.

पण इथे एक मेख आहे. रेडिएटरच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाचा व्हॉल्व्ह असतो. इंजिनचं तापमान एका ठरावीक पातळीवर ठेवणं हेच त्याचं काम. त्यामुळे ग्रिल थोडी जास्त बंद झाली तरी आकडा तोच दिसू शकतो. फक्त पंखा जास्त वेळ पळतो आणि पुढच्या कडक उन्हासाठी ठेवलेली शिल्लक संपते. म्हणून नुसता आकडा बघून खूश होऊ नका. तीन चाचण्या करा. मूळ ग्रिल असताना एकदा, नवीन बसवल्यावर एकदा, शक्यतो त्याच वेळी आणि तशाच उन्हात.

चाचणी १: गाडी गरम करून उभी करा, एसी बंद. १५ मिनिटांत पंखा किती वेळा सुरू झाला आणि किती सेकंद चालला, ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर लिहा.

चाचणी २: उभ्या गाडीत एसी पूर्ण. १५ मिनिटांनी मधल्या झडपेजवळ साधा थर्मामीटर धरून हवेचं तापमान लिहा. कंडेन्सरला हवा कमी मिळत असेल तर ते इथे आधी कळतं.

चाचणी ३: गाडी भरून, एसी लावून, नेहमीच्या रस्त्यावर २० किलोमीटर. ॲपमध्ये रेकॉर्डिंग लावून ठेवा. आकडे शेजारी बसलेल्याने बघायचे, चालवणाऱ्याने नाही.

माझ्या गाडीत तिन्ही चाचण्यांत आधी आणि नंतर जाणवण्यासारखा फरक आला नाही, म्हणून ती ग्रिल ठेवली. तुमच्याकडे पंखा आधीपेक्षा ठळकपणे जास्त चालत असेल किंवा एसीची हवा कोमट झाली असेल तर ग्रिल नापास. दिसायला कितीही भारी असली तरी काढा आणि मोठ्या छिद्रांची जाळी लावा.

चालू गाडीत कूलंट साधारण ८५ ते १०५ अंशांच्या दरम्यान राहतं. ते ११० च्या वर जाऊन चढतच राहिलं तर एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं उकळतं पाणी दाबाखाली असतं, ते तोंडावर उडतं. इंजिन तापून हेड गॅस्केट गेलं तर त्याच्या खर्चात अशा कितीतरी ग्रिल झाल्या असत्या.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेला तपशील आणि कंपनीने मूळ दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

आरसीवर इंजिन, चासी नंबर, इंधन, आसनं, रंग, वजन अशा नोंदी असतात. ग्रिलच्या जाळीची वेगळी नोंद नसते. पण याचा अर्थ काहीही लावा असा होत नाही. या गोष्टी पाळा:

- बंपरच्या पुढे आलेला लोखंडी गार्ड लावू नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं. वेल्डिंगवाला "जाळीबरोबर गार्ड पण करून देतो" म्हणाला तरी नको म्हणा.
- नंबर प्लेट झाकली, वाकली किंवा हलली नाही पाहिजे. एचएसआरपी काढून जाळीवर लावू नका.
- ग्रिलमध्ये लाल दिवा लावू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०८ समोरून लाल दिवा दाखवायला मनाई करतो. लाल-निळे लुकलुकणारे दिवे तर नकोच.
- जाळी मूळ ग्रिलच्या पातळीच्या पुढे येऊ देऊ नका.
- इन्शुरन्स कंपनीला बदल कळवा आणि वॉरंटी चालू असेल तर आधी विचारा.

शंका असेल तर आपल्या आरटीओत जाऊन विचारा. आमचा नंबर एमएच ३८, म्हणजे हिंगोली. शेवटचा शब्द त्यांचाच.

या बाबतीत महाराष्ट्रातलंच एक प्रसिद्ध उदाहरण बघण्यासारखं आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून किकने सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं. पण त्याच वेळी ती नियमांत बसत नाही, प्रशासन ती कधीतरी थांबवेल, हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. हातातली कला आणि रस्त्यावरचा नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून कळतं. आपण करतोय तो बदल त्यापुढे फारच छोटा आहे, पण रस्त्यावर नियम त्यालाही लागू आहेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या कंपनीचा लोगो लावला तर? लावू नका. ग्रिल आणि लोगो ही गाडीची ओळख असते. कंपन्या यावरून कोर्टकचेऱ्या करतात. अमेरिकेत महिंद्राच्या रॉक्सर गाडीची ठेवण जीपसारखी आहे, या तक्रारीवर २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने जीपच्या मालक कंपनीच्या बाजूने निकाल दिला होता. तुमच्यावर कुणी केस करेल असं नाही, पण इन्शुरन्स आणि गाडी विकताना उगाच प्रश्न उभे राहतात.

ग्रिल थोडी बंद केली तर मायलेज वाढतं का? हवेचा विरोध थोडा कमी होतो, म्हणूनच कंपन्या उघडझाप करणाऱ्या पट्ट्या लावतात. पण त्या गरज पडताच उघडतात. आपण लावलेला पुठ्ठा किंवा पत्रा उघडत नाही. मराठवाड्याच्या उन्हात हा प्रयोग नको.

जाळी किती दिवसांनी साफ करायची? एरवी गाडी धुताना. हळद आणि सोयाबीनच्या दिवसांत दर आठवड्याला. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरतं. जोरदार प्रेशरचं पाणी जवळून मारलं तर मागच्या रेडिएटरच्या पातळ पट्ट्या वाकतात.

किती दिवसांनी परत तपासायचं? पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे स्क्रू आणि झिप टाय बघा. त्यानंतर दर सर्व्हिसिंगला. आणि पहिला उन्हाळा आला की वरच्या तिन्ही चाचण्या एकदा परत करा. हिवाळ्यात पास झालेली ग्रिल मे महिन्यात पास होईलच असं नाही.

सगळं एका दिवसात होतं का? कापणं आणि बसवणं होतं. पण रंग पूर्ण वाळायला वेळ द्या. शनिवारी कापा, रविवारी रंगवा आणि पुढच्या रविवारी बसवा. मधल्या आठवड्यात माळ्यावरची मूळ ग्रिल गाडीवर असू द्या. घरची गाडी आहे, कधी लागेल सांगता येत नाही.